तिथी बघून बोर्ड उचला: भरती-ओहोटीप्रमाणे सर्फिंगचा बेत कसा आखावा

गोव्यातल्या आश्व्याच्या किनाऱ्यावर माझी सर्फिंग शिकण्याची पहिली तीन वर्षं गेली. त्यातला पहिला हंगाम मी जवळजवळ वाया घालवला. लाटांची उंची बघायची, वारा बघायचा, आणि मुंबईहून रात्रीची बस पकडून सकाळी पाण्यात उतरायचं, एवढंच मला माहीत होतं. एका एकादशीला आठ वाजता उतरलो. अंदाजात लाट पाऊण मीटरची होती, वारा शांत होता. पण समुद्रात लाट फुटतच नव्हती. ती नुसती फुगून पुढे जायची आणि एकदम काठावर येऊन आपटायची. तिसऱ्या प्रयत्नात बोर्डाचं फिन, म्हणजे खालच्या बाजूचं उभं पातं, वाळूत रुतलं, मी पुढे फेकला गेलो आणि खांदा तीन आठवडे दुखत राहिला. किनाऱ्यावर जाळी सुकवणाऱ्या एका काकांनी नंतर समजावलं की दोष लाटेचाही नव्हता आणि माझ्या शिकण्याचाही नव्हता, मी भरलेल्या पाण्यात उतरलो होतो. चार दिवसांनी पौर्णिमेला याच जागी, अशाच लाटेवर, सकाळी साडेसातला मी पहिल्यांदा नीट उभा राहिलो.

तेव्हापासून मी आधी तिथी बघतो, मग बाकी सगळं. हा लेख मुख्यतः उत्तर गोव्याच्या वाळूच्या किनाऱ्यांसाठी आहे, म्हणजे हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी. रीत एकदा कळली की ती कुठेही लावता येते. आकडे मात्र त्या त्या जागेचे घ्यायचे.

आधी हे समजून घ्या: पाणी चढलं की लाट फुटण्याची जागा सरकते

लाट फुटते ती तळ वर आल्यामुळे. ढोबळ हिशेब असा, की पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट उरली की लाट फुटते. म्हणजे ८० सेंटिमीटरच्या लाटेला फुटायला साधारण एक मीटर खोली लागते, आणि १.२ मीटरच्या लाटेला साधारण दीड मीटर.

आता किनाऱ्यापासून थोडं आत वाळूचा एक दांडा आहे असं समजा. आपल्याकडच्या बहुतेक किनाऱ्यांवर तो असतो. चांगली, चालवता येण्याजोगी लाट या दांड्यावर फुटते. उदाहरणासाठी दांड्याचा माथा भरतीच्या तक्त्यातल्या शून्य पातळीवर आहे असं धरू. हे शून्य म्हणजे काठावरचं शून्य नव्हे. नेहमीच्या ओहोटीत पाणी ज्याच्या खाली सहसा जात नाही अशी ती ठरवलेली पातळी असते. तक्त्यात १.२ मीटर लिहिलं असेल तर आपल्या दांड्यावर त्या वेळी १.२ मीटर पाणी आहे.

समजा पौर्णिमेच्या दिवशी पहाटे ५ वाजता ओहोटी ०.३ मीटरची आहे आणि ११ वाजता भरती २.१ मीटरची. पाच वाजता दांड्यावर जेमतेम गुडघ्याएवढं पाणी. ८० सेंटिमीटरची लाट दांड्यापर्यंत पोचण्याआधीच फुटून कोसळते, आणि खाली पडायला पाणी नसतं. अकरा वाजता दांड्यावर दोन मीटरहून जास्त पाणी असतं. तीच लाट दांड्यावरून न फुटता सरळ निघून जाते आणि काठाच्या उभ्या उतारावर आपटते. मधे कधीतरी, दांड्यावर मीटरभर पाणी असताना, ती हवी तिथे आणि हवी तशी फुटते. सगळा बेत ही मधली वेळ शोधण्यासाठी असतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती बरेच जण विसरतात. लाट मोठी असेल तर तिला पाणीही जास्त लागतं. ८० सेंटिमीटरच्या लाटेला जी वेळ चांगली, तीच १.२ मीटरच्या लाटेला चांगली नसते. मोठ्या लाटेच्या दिवशी तासभर उशिरा, भरतीच्या जवळ उतरा. छोट्या लाटेच्या दिवशी ओहोटीच्या बाजूला झुका.

पायरी १: आपल्या किनाऱ्याचा फरक किती, ते जाणून घ्या

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात. पण पाणी किती चढतं-उतरतं यात जागेप्रमाणे प्रचंड फरक आहे. खंभातच्या आखातात, भावनगरकडे, तो दहा मीटरच्या पुढे जाऊ शकतो. मुंबईत उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या भरती-ओहोटीला, सरासरी साडेतीन मीटरच्या वर आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरती-ओहोटीला, दीड मीटरच्या आसपास. गोव्यात उधाणाला साधारण दीड ते दोन मीटर. खाली केरळात तो आणखी कमी होतो.

आता उतार बघा. किनाऱ्याचा उतार ४० ला १ असेल, म्हणजे ४० मीटर आत गेल्यावर एक मीटर खोली, तर पाणी ९० सेंटिमीटर चढल्यावर लाट फुटण्याची जागा ३६ मीटर काठाकडे सरकते. पालघरकडच्या सपाट किनाऱ्यांवर उतार याहूनही कमी आणि पाण्याचा फरक जास्त, त्यामुळे तिथे ओहोटीला पाणी कुठल्या कुठे जातं. तिथे बोर्ड घेऊन चालण्यातच अर्धी ताकद जाते. गोव्यात हा त्रास कमी आहे. शिकायला गोवा सोपा वाटण्याचं हे एक खरं कारण आहे.

पायरी २: तिथीवरून वेळेचा अंदाज घ्या

कोकणातल्या जुन्या माणसांना हे सूत्र पाठ असतं: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पहाटे आणि दुपारी, किंवा सकाळी आणि रात्री, असं दोनदा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब एकच, कारण अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत येतात आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

हे सूत्र मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याचं आहे आणि ढोबळ आहे. पौर्णिमेला ते सव्वाअकरा सांगतं, पण मुंबईत घड्याळात बाराच्या आसपास वाजलेले असतात. मुंबईची सूर्यवेळ आणि आपली प्रमाणवेळ यांत सुमारे ३९ मिनिटांचं अंतर आहे, हेही लक्षात असू द्या. गोव्यात भरती मुंबईच्या सुमारे तासभर आधी येते, कारण भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते. म्हणून गोव्यासाठी मी हे चार आकडे डोक्यात ठेवतो: पौर्णिमा-अमावास्येला भरती ११ च्या सुमारास, चतुर्थीला २ च्या सुमारास, अष्टमीला ५ च्या, एकादशीला ८ च्या. ओहोटी त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर.

दिवसागणिक वेळ सरासरी ५० मिनिटांनी पुढे जाते असं सगळीकडे सांगतात. सरासरी म्हणून ते बरोबर आहे. प्रत्यक्षात उधाणाच्या दिवसांत ती ३५-४० मिनिटांनीच सरकते, आणि अष्टमीच्या मागेपुढे, भांगाच्या दिवसांत, तास-सव्वातासाने. त्यामुळे अष्टमी-नवमीला सूत्र सगळ्यात जास्त चुकतं. त्या दिवसांत तक्ता बघितल्याशिवाय निघू नका.

आणखी दोन बारकावे. सगळ्यात मोठं उधाण ऐन पौर्णिमेला नव्हे, तर एक-दोन दिवसांनी येतं. तसंच सगळ्यात मऊ भांग अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी. आणि दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यात दुपारची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा मोठी असते, हिवाळ्यात उलट. भांगाच्या काही दिवशी तर दोनातली एक भरती इतकी किरकोळ असते की आली कधी आणि गेली कधी ते कळतही नाही.

पायरी ३: तक्ता वाचा आणि तासांचा हिशेब मांडा

अंदाज झाला की खरा तक्ता बघा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरांचे भरतीचे तक्ते छापतो. उत्तर गोव्यासाठी जवळचं बंदर मुरगाव. मोबाइलवर अनेक अ‍ॅप असे आकडे दाखवतात, फक्त जागा बरोबर निवडली आहे ना ते बघा. मुंबईचा तक्ता लावून गोव्यात उतरलेली माणसं मी पाहिली आहेत. खाडीच्या आतल्या जागेचा आकडाही घेऊ नका. आत पाणी उशिरा पोचतं.

तक्त्यात फक्त चार वेळा आणि चार उंच्या असतात. मधल्या तासांचं काय? पाणी सारख्या वेगाने चढत नाही. त्यासाठी बाराव्या भागाचा नियम वापरा. पूर्ण फरकाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक.

वरच्या उदाहरणात फरक १.८ मीटर, म्हणजे एक भाग १५ सेंटिमीटर. पाच वाजता ०.३. सहाला ०.४५. सातला ०.७५. आठला १.२. नऊला १.६५. दहाला १.९५. अकराला २.१. बघा, सात ते नऊ या दोनच तासांत ९० सेंटिमीटर पाणी चढलं, आणि दहा ते अकरात फक्त १५. ८० सेंटिमीटरच्या लाटेला आपल्या दांड्यावर साधारण एक मीटर पाणी हवं. ते पावणेआठच्या जरा आधी मिळतं. १.२ मीटरच्या लाटेला ते पावणेनऊ-नऊला मिळेल.

हे गणित मी अजूनही आदल्या रात्री कागदावर करतो. पाच मिनिटं लागतात.

पायरी ४: वारा आणि भरती एकमेकांवर ठेवून बघा

गोव्यात ऑक्टोबर ते मे हा शिकण्याचा हंगाम. या महिन्यांत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा असतो, मतलई. त्याने लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो. अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो आणि दुपारपर्यंत समुद्र बारीक, तुटक लाटांनी विस्कटून जातो. त्यामुळे भरती कितीही सोयीची असली तरी ती दुपारी तीनला असेल तर उपयोग थोडा. बेत आखायचा तो उजाडल्यापासून अकरापर्यंतच्या चौकटीत.

आणि इथे गोव्याच्या तिथी फार सुंदर जुळतात. पौर्णिमा-अमावास्येला पाचला ओहोटी आणि अकराला भरती, म्हणजे नेमकी सकाळची सगळी वेळ पाणी चढत असतं आणि सात ते नऊमध्ये मधल्या पातळीवर असतं. वारा झोपलेला, पाणी चढतं, ऊन कोवळं. म्हणूनच कोजागरीपासून हनुमान जयंतीपर्यंतच्या पौर्णिमा मी आधीच सुट्टीसाठी राखून ठेवतो: कोजागरी, त्रिपुरी, दत्तजयंती, मग पौष आणि माघातली, होळी आणि शेवटी चैत्री. दिवाळीतली अमावास्याही याच माळेतली.

चढत्या पाण्याबद्दल एक जोडून सांगतो. पाणी चढू लागलं की लाटा वाढल्यासारख्या वाटतात, हा अनुभव खूप जणांचा आहे. त्याला आधारही आहे. ओहोटीला आतल्या दांड्यावर लाटांची बरीच ताकद फुटून वाया जाते. वर पाणी आलं की ती ताकद काठाकडे पोचू लागते. म्हणून दोन सारख्या पातळ्यांपैकी एक चढती आणि एक उतरती असेल तर मी चढती घेतो.

लाटेचा अंदाज बघताना उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंदही बघा. चार-सहा सेकंदांच्या लाटा जवळच्या वाऱ्याच्या असतात, दुबळ्या. बारा-पंधरा सेकंदांच्या लाटा दूर दक्षिण महासागरातून आलेल्या असतात. त्यांची उंची आकड्यात कमी दिसली तरी दांड्यावर येताच त्या उभ्या राहतात. एप्रिल-मे मध्ये अशा लाटा जास्त येतात. हिवाळ्यात कधीकधी इराणच्या आखाताकडच्या शमाल वाऱ्यांच्या लाटा वायव्येकडून येतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचे अंदाज आणि उसळत्या लाटांचे इशारे देते. इशारा असेल त्या दिवशी भरतीचं गणित बाजूला ठेवा आणि किनाऱ्यावरच थांबा.

पायरी ५: किनारा ओहोटीला जाऊन बघा

ही पायरी लोक सर्रास टाळतात आणि माझ्या मते ती सगळ्यात मोलाची आहे. पोचलात त्या दिवशीच, पाणी पूर्ण उतरलेलं असताना, बोर्ड न घेता चालत जा. उधाणाची ओहोटी असेल तर उत्तम, कारण त्या वेळी समुद्र आपला तळ उघडा करतो.

दांडा कुठे आहे, तो सलग आहे की मधे तुटलेला, खडक कुठे वर आले आहेत, पाण्याचे खोल पाट कुठून बाहेर जातात, हे सगळं डोळ्यांना दिसतं. दोन दांड्यांच्या मधला खोल पाट म्हणजे बाहेर ओढणाऱ्या प्रवाहाची जागा. किनाऱ्यावरच्या एखाद्या झाडाशी, झोपडीशी, पायऱ्यांशी त्याची खूण बांधून ठेवा. फोटो काढा. दुसऱ्या दिवशी पाणी चढलेलं असेल तेव्हा तुम्हाला खाली काय आहे ते माहीत असेल, बाकीच्यांना नसेल.

हे एकदा करून भागत नाही. पावसाळ्यातला खवळलेला समुद्र किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतो आणि पावसाळ्यानंतर ती हळूहळू परत आणून टाकतो. ऑक्टोबरमधला आश्व्याचा किनारा आणि फेब्रुवारीतला किनारा वेगळे असतात. ऑक्टोबरमध्ये जी पातळी चांगली होती ती फेब्रुवारीत अर्ध्या मीटरने चुकू शकते. म्हणून कोणी सांगितलं की या जागी भरतीच्या दोन तास आधी जा, तर त्याला कुठल्या महिन्यात ते विचारा.

ओहोटीच्या फेरीत आणखी एक काम करा. आदल्या भरतीची रेषा बघा, म्हणजे शेवाळ, शिंपल्या, काड्यांची ओळ. तिच्या वर बोर्ड आणि सामान ठेवायचं. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरटी या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत असतात आणि त्यांना कुंपण घातलेलं असतं. तिथून बोर्ड ओढत नेऊ नका, लांबून वळसा घ्या. पहाटे अंधारात निघत असाल तर विजेरीचा झोत वाळूवर फिरवत जाऊ नका.

पायरी ६: वेळ पक्की करा आणि मागे मोजत या

समजा चांगली वेळ सव्वासात ते नऊ निघाली. शिकणाऱ्याचा दम दीड तासात संपतो, त्यामुळे एवढी वेळ पुरे. पाण्यात सव्वासातला असायचं तर किनाऱ्यावर पावणेसातला. वीस मिनिटं नुसतं बसून समुद्र बघायचा, दहा मिनिटं अंग मोकळं करायचं. मी पूर्वी ही वीस मिनिटं वाचवत असे. आता कोणी घाई केली तरी सोडत नाही, कारण लाटा झुंडीने येतात आणि दोन-तीन झुंडी पाहिल्याशिवाय त्या नेमक्या कुठे फुटतात ते कळत नाही.

बघताना ओल्या वाळूची कड आणि पाण्याची कड यांकडे नजर ठेवा. ओल्या वाळूचा पट्टा रुंद असेल तर पाणी उतरतंय. कोरड्या वाळूवर पाणी येऊन लगेच मुरत असेल तर चढतंय. वाळूत एक काडी रोवा आणि दहा मिनिटांनी बघा. तक्त्याशी जुळत नसेल तर काडीवर विश्वास ठेवा. हवेचा दाब आणि वारा यांनी प्रत्यक्ष पाणी तक्त्यापेक्षा वरखाली होऊ शकतं.

आता चार वेगवेगळ्या सकाळी कशा दिसतील ते सांगतो, सगळीकडे दांडा आणि ८० सेंटिमीटरची लाट तीच धरून.

पौर्णिमा किंवा अमावास्या: सात ते नऊ. वर सांगितलीच. उशीर करू नका, पाणी आणखी चढलं की लाट दांड्यावरून निसटू लागते.

संकष्टी चतुर्थी: ओहोटी आठच्या सुमारास. उजाडेपर्यंत पाणी उतरून गेलेलं असतं आणि आठला दांडा उथळ असतो. पहाटे धावू नका. नाश्ता करून जा आणि दहा ते साडेअकरा ही वेळ धरा. वारा उठायच्या आत एक चांगला तास मिळतो.

अष्टमी: भरती पाचला, ओहोटी अकराला, पण फरक फार थोडा, समजा १.५ वरून ०.९ मीटर. सहा तासांत फक्त ६० सेंटिमीटर. पाणी जवळजवळ स्थिर असतं, लाट फुटण्याची जागा फारशी हलत नाही. अगदी नव्या माणसाला मी याच दिवसांत घेऊन जातो. नऊच्या पुढे मीटरभर पाणी उरतं आणि दोन तास ते तसंच राहतं. भांगाला समुद्रात दम नसतो असं बोलतात, मासेमारीच्या दृष्टीने ते खरं असेल. शिकणाऱ्याला मात्र तोच निवांतपणा हवा असतो.

एकादशी: भरती आठला. सकाळचा सगळा चांगला वेळ भरलेल्या पाण्यात जातो. लाट छोटी असेल तर ती काठावर आपटेल, खोली पुन्हा जुळेपर्यंत अकरा वाजतील आणि वारा उठेल. लाट सव्वा मीटरची असेल तर हाच दिवस उत्तम, कारण तिला एवढं पाणी लागतंच. छोट्या लाटेच्या एकादशीला मी पोहतो किंवा बोर्डावर पडून वल्हवण्याचा सराव करतो.

पायरी ७: पाण्यात असताना

उतरल्यावर किनाऱ्यावरच्या दोन खुणा पकडा, एक जवळची आणि एक तिच्या मागची, एका रेषेत. मधल्या दोन तासांत लाट फुटण्याची जागा मिनिटागणिक सरकते. दर पंधरा मिनिटांनी मागे वळून खुणा बघा. पाणी चढत असेल तर हळूहळू काठाकडे या, उतरत असेल तर आत सरका. लाटा चुकायला लागल्या की लोक जोराने वल्हवू लागतात. बहुतेक वेळा ताकद कमी पडलेली नसते, जागा मागे राहिलेली असते.

थांबायचं कधी? चढत्या पाण्यात, लाट तुमच्या खालून न फुटता जाऊ लागली आणि काठावर परतीचं पाणी येणाऱ्या लाटेवर आदळू लागलं की. उतरत्या पाण्यात, लाट सगळ्या लांबीभर एकदम कोसळू लागली किंवा पडल्यावर पाय तळाला लागले की. त्या उथळ पाण्यात डोक्यावर उडी मारून पडू नका. आडवं, पसरून पडा, हात डोक्याभोवती. परत येताना फिन वाळूला लागायच्या आधी बोर्डावरून उतरा. ओहोटीच्या उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, वाळूत पाकट दबून बसलेली असते.

जिथे अजिबात उतरू नये

नदीचं मुख. मोरजीला शापोरा नदी मिळते, केरीला तेरेखोल. ओहोटी सुरू झाली की खाडीत भरलेलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर धावतं, आणि उधाणाच्या ओहोटीत मधले दोन तास तर फारच जोरात. तिथे दांडे मोठे असतात, लाटाही देखण्या दिसतात. पण त्या ओढीविरुद्ध कसलेला पोहणाराही टिकत नाही. नदीमुखाजवळ सर्फिंग शिकण्याचा विचार करू नका, आणि उतरलात तर फक्त पाणी चढत असताना, तिथल्या माणसासोबत.

वाळूच्या किनाऱ्यावरही बाहेर ओढणारे प्रवाह ओहोटीच्या बाजूला जास्त जोर धरतात, कारण दांडे उघडे पडले की परतीचं पाणी मधल्या पाटांतूनच बाहेर जातं. सापडलात तर बोर्ड सोडू नका, तो तुम्हाला तरंगत ठेवतो. काठाला समांतर वल्हवा आणि लाटा फुटत असलेल्या पट्ट्यात आलात की त्यांच्याबरोबर काठाकडे या.

खडकांच्या कुशीतले छोटे किनारेही जपून. ओहोटीला चालत गेलात आणि उधाणाची भरती आली तर परतीची वाट पाण्याखाली जाते. आणि पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, लाटा तीन-चार मीटरच्या होतात तेव्हा कुठल्याही तिथीला नको. लाल बावटा दिसला तर तिथेच विषय संपला. उजाडता उजाडता जीवरक्षक कामावर नसतात, त्यामुळे पहाटे एकट्याने उतरू नका.

मासेमार रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर भरती कितीही सोयीची असली तरी बाजूच्या किनाऱ्यावर जा. ते त्यांच्या पोटाचं काम आहे आणि त्यांचीही वेळ भरतीच ठरवते.

दुसरीकडे जाताना

मंगळुरूजवळ मुळकीला गोव्यापेक्षा फरक कमी, पण तिथे नदीमुख आहे, त्यामुळे उंचीपेक्षा पाण्याची दिशा महत्त्वाची. श्रीलंकेत वेलिगामाला फरक जेमतेम अर्धा-पाऊण मीटर, वाळूच्या तळावर दिवसभर चालतं. पण तिथल्याच आसपासच्या प्रवाळांवर तेवढा फरकही पोटाखाली दगड आणतो, म्हणून ओहोटी टाळा. बालीच्या प्रवाळांवर तर फरक दोन मीटरच्या पुढे जातो. शिकणाऱ्याने तिथे वाळूच्या किनाऱ्यावर राहावं. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला राहणाऱ्या मराठी मंडळींना उधाणाला सहा-सात मीटरचा फरक मिळतो. तिथे तासाभरात किनाऱ्याचं रूप पालटतं आणि बाराव्या भागाचा नियम रोज लागतो.

पायरी ८: वही

घरी आलात की अंग पुसायच्या आधी सहा गोष्टी लिहा: तिथी, किनारा आणि जागेची खूण, उतरल्याची आणि निघाल्याची वेळ, त्या वेळची तक्त्यातली पातळी, लाटेची उंची आणि सेकंद, पाणी चढतं होतं की उतरतं. शेवटी एक ओळ, कसं झालं. माझ्या वहीतली गेल्या फाल्गुनातली नोंद अशी आहे: चतुर्दशी, आश्वे, दोन माडांच्या समोर, ६.५० ते ८.२०, ०.९ ते १.४ मीटर, लाट ८० सेंटिमीटर, ११ सेकंद, चढतं. सगळ्यात चांगल्या लाटा ७.३० ते ८. आठनंतर काठाकडे सरकलो, तिथेही चार मिळाल्या.

अशा पंधरा-वीस नोंदी झाल्या की एका दांड्याला कुठली पातळी मानवते ते कळतं. मग पुढच्या हंगामाचं कॅलेंडर उघडायचं, ती पातळी सकाळी सात ते नऊमध्ये कुठल्या दिवशी येते ते शोधायचं, आणि बसचं तिकीट त्या तारखांचं काढायचं.